हर्बी हॅन्कॉकला एवढं सगळं कसं जमलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. लहानपणी हार्मोनियम शिकलात, मग इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलीत. आता आठवड्यातले चार दिवस ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता, उरलेल्या वेळात जॅझ शिकता आणि रात्री लॅपटॉपवर बीट बनवत बसता. घरचे म्हणतात, शिकवणारेही म्हणतात, एक काहीतरी धर. तुम्ही विचारलंत की अमेरिकन पियानिस्ट हर्बी हॅन्कॉकने जॅझ केलं, फंक (ठेक्यावर नाचायला लावणारं संगीत) केलं, सिनेमे केले, हिप-हॉपही केलं. त्याला कुणी धरसोड करणारा म्हटलं नाही का? आणि हे सगळं त्याला जमलं कसं?

म्हटलं की. 1973 साली त्याचा फंकचा रेकॉर्ड धडाक्यात खपायला लागला तेव्हा जॅझवाल्यांनी ‘हा विकला गेला’ म्हणून नावं ठेवली. दहा वर्षांनी त्याने टर्नटेबल घासणाऱ्या डीजेबरोबर रेकॉर्ड काढला तेव्हा पुन्हा तेच. मी गेली बत्तीस वर्षं पियानो आणि कीबोर्ड वाजवतो आहे. स्टुडिओत, नाटकांना, हॉटेलांत, जाहिरातींसाठी. हर्बीचे सोलो कॅसेट मागेपुढे करून वहीत उतरवण्यात माझी विशीतली कित्येक वर्षं गेली. त्या वह्यांच्या जोरावर सांगतो: त्याच्या भोवतालची वाद्यं बदलली, माणसं बदलली, ऐकणारेही बदलले. डाव्या हाताची स्वरांची मांडणी मात्र 1965 मध्ये जी होती तीच 1973 मध्ये आहे आणि 2007 मध्येही आहे. ती एकदा ओळखता आली की धरसोडीचा प्रश्न उरत नाही. ती कशी ओळखायची, तेच जरा सविस्तर सांगतो.

जन्म 12 एप्रिल 1940, शिकागो. सातव्या वर्षी पियानो सुरू झाला, आणि अकराव्या वर्षी, फेब्रुवारी 1952 मध्ये, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टच्या डी मेजरमधल्या 26 क्रमांकाच्या कॉन्चेर्टोचा (एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा) पहिला भाग वाजवला. म्हणजे पाया पक्का पाश्चात्त्य शास्त्रीय. जॅझ आलं हायस्कूलमध्ये. शाळेच्या कार्यक्रमात त्याच्याच वयाचा एक मुलगा मनाने पियानो वाजवताना दिसला आणि हर्बी चक्रावला: कागद समोर नाही, तरी हा वाजवतोय काय? त्याने जॅझ पियानिस्ट जॉर्ज शिअरिंगचे रेकॉर्ड घरी लावले आणि एकेक वाक्य ऐकून लिहून काढायला सुरुवात केली. पुढे कॉलेजला गेला तो इंजिनिअरिंग शिकायला, आणि तिथून संगीताकडे वळला. तुम्हाला तुमची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी वाया गेल्यासारखी वाटते, असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. हर्बीचं इंजिनिअरिंगचं डोकं आयुष्यभर कामाला आलं. एखादी गोष्ट सुंदर वाटली की ती उघडून आत काय आहे ते बघायचं, ही सवय त्याने स्वरांनाही लावली आणि यंत्रांनाही.

1960च्या हिवाळ्यात ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्डचा पियानिस्ट बर्फामुळे कार्यक्रमाला पोचू शकला नाही आणि हर्बीला बोलावणं आलं. बर्डने त्याला न्यूयॉर्कला नेलं, आपल्या घरात ठेवून घेतलं. आणि एक व्यवहाराची गोष्ट शिकवली, जी मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात सांगतो. 1962 मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी पहिला रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा बर्ड म्हणाला, कंपनी तुझ्या रचनांचे प्रकाशनहक्क मागेल, द्यायचे नाहीत. बावीस वर्षांचा पोरगा, पहिलाच रेकॉर्ड, समोर नावाजलेली कंपनी. तरी हर्बीने नाही म्हटलं, आणि कंपनीने ते मान्य केलं.

त्या रेकॉर्डवरची पहिली रचना ‘वॉटरमेलन मॅन’. शिकागोत त्याच्या लहानपणी गल्लीतून कलिंगडवाल्याची घोडागाडी जायची. फरशीच्या दगडांवर तिच्या चाकांचा जो खडखडाट व्हायचा, तो ठेका पियानोत आला. आणि मागच्या जिन्यांवरून बायका त्याला हाक मारायच्या, त्या हाकेतून सुरावट आली. रचना म्हटली तर साधा ब्लूज. पण ब्लूज बहुधा बारा बारचा असतो (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन), याने तो सोळाचा केला. शेवटाकडे सी आणि बी-फ्लॅट या दोन कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) तीनदा ये-जा केली, म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थोडी रेंगाळल्यासारखी वाटते. त्यानंतर काही महिन्यांतच हर्बी क्यूबन तालवादक मोंगो सांतामारियाकडे थोड्या दिवसांसाठी पियानिस्टची जागा भरायला गेला होता. तिथे बर्डच्या सांगण्यावरून त्याने ही धून वाजवून दाखवली. मोंगोच्या वादकांनी एकेक करून त्यात उडी घेतली, लोक उठून नाचायला लागले. मोंगोचा रेकॉर्ड 1963 मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत गेला आणि त्याचे पैसे हर्बीच्या खिशात आले, कारण हक्क त्याच्याकडे होते.

इथे माझी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. सत्ताविसाव्या वर्षी मी एका जाहिरातीसाठी आठ सेकंदांची सुरावट केली. स्टुडिओच्या बाहेर, चहाचा ग्लास हातात असताना एका कागदावर सही केली, रोख घेतले आणि घरी आलो. ती सुरावट सात वर्षं वाजत राहिली. पुढे तिच्यावरून आणखी तीन जाहिराती निघाल्या. रिक्षात बसलो की शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवरून ती ऐकू यायची आणि पोटात कालवायचं. कायद्याने माझं काहीच नव्हतं. तुम्ही बीट बनवता आहात ना? कुणाला द्याल तेव्हा कागद नीट वाचा. तासाभराने सही केली तरी काही बिघडत नाही.

हर्बीच्या बाबतीत हा पैसा नुसता पैसा राहिला नाही. दहा वर्षांनी त्याने जे प्रयोग केले, ते बाजारात चालले नाहीत. ते प्रयोग करणाऱ्या बँडचा खर्च त्याच्या जुन्या रचनांच्या रॉयल्टीतून चालला. ज्याला वेगवेगळं करून बघायचंय, त्याच्याकडे एखादं तरी आपल्या मालकीचं शेत असावं लागतं.

1963 मध्ये जॅझमधला दिग्गज ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याचा फोन आला. घरी बोलावलं, तळघरात वाद्यं लावून दिली आणि स्वतः वर निघून गेला. रॉन कार्टर बेसवर, टोनी विल्यम्स ड्रम्सवर, आणि टोनी तर तेव्हा सतरा वर्षांचा. ही मंडळी काही दिवस आपापसातच वाजवत राहिली. नंतर कळलं की माइल्स वर बसून इंटरकॉमवर सगळं ऐकत होता. आपण समोर उभे राहिलो तर पोरं दबकून वाजवतील, हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आला आणि त्या शतकातलं एक थोर पंचक पूर्ण झालं.

माइल्सकडच्या दोन गोष्टी हर्बी नेहमी सांगतो. एक श्टुटगार्टची. मैफल रंगात आली होती, माइल्सचा सोलो टिपेला पोचत होता आणि नेमक्या त्या क्षणी हर्बीने साफ चुकीची कॉर्ड वाजवली. आपलेच कान झाकून घ्यावेत अशी. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे काही स्वर लावले की ती कॉर्ड बरोबर वाटायला लागली. हर्बीला ती चूक वाटली होती. माइल्सला ती घडलेली एक गोष्ट वाटली, आणि आता हिच्यापुढे काय करता येईल एवढाच विचार त्याने केला. आपल्याकडे तबलजी गवयाची निसटलेली सम ज्या मायेने सावरून घेतो, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

दुसरी गोष्ट माझ्या लेखी अधिक महत्त्वाची. हर्बीला एका काळात कंटाळा आला होता, तेच तेच वाजवतोय असं वाटत होतं. माइल्स त्याला खरखरीत आवाजात म्हणाला, ‘बटर नोट्स वाजवू नकोस.’ लोण्याचे स्वर! म्हणजे काय, हे हर्बीने विचारलं नाही. माइल्सला असं विचारायची सोय नव्हती. कदाचित तो ‘बॉटम’ (खालचे) म्हणाला असेल आणि आपण ‘बटर’ ऐकलं असेल, असंही हर्बी म्हणतो. त्याने स्वतःच अर्थ लावला: लोणी म्हणजे मऊ, सोपं, सगळं सांगून टाकणारं. कॉर्डमधले असे स्वर कुठले? तिसरा आणि सातवा, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे त्यांच्यावरून कळतं. ते काढून टाकले तर? पहिल्या रात्री हात अडखळले, पण नवं काहीतरी उघडलं.

आता हार्मोनियम पुढ्यात घ्या. 1965च्या ‘मेडन व्हॉयेज’ची पहिली कॉर्ड आपण तिच्यावर लावू. (ही धून मुळात पुरुषांच्या एका अत्तराच्या टीव्ही जाहिरातीसाठी केलेली होती. जाहिरातीची कामं करताना तुम्हाला लाज वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.) पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, हा सा धरा. डाव्या हाताच्या करंगळीने तो सा दाबा, आणि वर उजव्या हाताने पंचम, कोमल निषाद, रिषभ आणि मध्यम असे चार स्वर एकदम दाबा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. दोन्ही हात गुंतलेले असतील, म्हणून भाता दुसऱ्या कुणाला तरी हळू मारायला सांगा आणि ऐका. गंधार कुठेच नाही. सा रे म प नी, म्हणजे मधमाद सारंगाचे पाच स्वर एका वेळी वाजताहेत. हर्बीने सारंग ऐकून हे केलं असं मी म्हणत नाही. तो त्याच्या वाटेने तिथे पोचला. पण तुमच्या कानाला हे स्वर आधीपासून ओळखीचे आहेत, आणि हा तुमचा फायदा आहे. गंधार नसल्यामुळे ही कॉर्ड सुखी की दुःखी हे ठरत नाही. ती तरंगत राहते, किनारा न दिसणाऱ्या पाण्यासारखी.

चार बार तिथेच थांबायचं. मग सा उचलून पांढरी चारवर न्यायचा आणि तीच मांडणी तिथे: पुन्हा चार बार. हे सगळं दोनदा. मधल्या भागात सा काळी दोनवर जातो, गंधार अजूनही नाही. आणि मग काळी एकवर येतो, तिथे मात्र पहिल्यांदाच कोमल गंधार दिसतो. इतका वेळ टाळलेला स्वर तिथे येतो तेव्हा ढग सूर्यावरून गेल्यासारखं वाटतं. नंतर परत पहिल्यापासून. बत्तीस बारमध्ये मोजून चार रंग. ज्या काळात जॅझचे पियानिस्ट एका बारमध्ये दोन-दोन कॉर्ड कोंबत होते, त्या काळात हा माणूस एकेका कॉर्डवर चार-चार बार बसून राहिला. एकाच स्वरावर बसून राहण्यातली मौज तुम्हाला कुणी वेगळी शिकवायला नको.

माझ्या एका विद्यार्थिनीला मी हे असंच हार्मोनियमवर दाखवलं होतं. ती पाच मिनिटं काही बोलली नाही, नुसता भाता मारत राहिली. मग म्हणाली, ‘सर, हे कधी संपणार असं वाटतच नाही.’ ती कॉर्ड समजली, हे मला त्या वाक्यावरून कळलं.

1968 मध्ये एका रेकॉर्डिंगला हर्बी गेला तर स्टुडिओत पियानोच नव्हता, कोपऱ्यात इलेक्ट्रिक पियानो होता. माइल्स म्हणाला, ते वाजव. हर्बीच्या मनात ते खेळणं होतं. पहिली कॉर्ड दाबली आणि त्याला आवाज आवडला. आणि आपण न ऐकताच मत बनवलं होतं याची खंत वाटली. त्याच वर्षी लग्न झालं, मधुचंद्राला ब्राझीलला गेला, तिथे अन्नातून विषबाधा झाली, परतायला उशीर झाला. तोवर माइल्सने त्याच्या जागी चिक कोरिया या पियानिस्टला घेतलं होतं.

मग आला सर्वांत धाडसी आणि सर्वांत कमी खपलेला काळ. ‘म्वांडिशी’ हा बँड. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ लिहिणारा, रचनाकार. सगळ्यांनीच स्वाहिली नावं घेतली होती. ट्रम्पेटवरचा एडी हेंडरसन तर डॉक्टर होता, मानसोपचारातला. 1971च्या पहिल्या रेकॉर्डची सुरुवातच पंधराच्या आवर्तनाने होते. आपल्या पंचम सवारीवाल्यांनी ती मुद्दाम मोजून बघावी. पुढच्या रेकॉर्डसाठी हर्बीला सिंथेसायझर हवा होता, म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅट्रिक ग्लीसनकडे गेला. ग्लीसनने यंत्र लावून दिलं, आवाज काढून दाखवले. मी वाजवतो, असं हर्बी म्हणाला असता तर कुणाला वावगं वाटलं नसतं. तो म्हणाला, तूच वाजव. हा स्वभाव मला त्याच्या बोटांपेक्षा मोठा वाटतो. नव्या घरात शिरताना तो त्या घरातल्या माणसाला पुढे करतो, आपण पाहुणा आहोत हे विसरत नाही.

1972च्या सुमारास बेसवादक बस्टर विल्यम्सच्या ओळखीने तो निचिरेन बौद्ध पंथाकडे वळला. जपाला बसलेला असताना, फंकवाल्या स्लाय स्टोनच्या धर्तीचं जमिनीवरचं, नाचायला लावणारं काहीतरी करावं असं मनात आलं, असं तो सांगतो. आणि लगेच आतून विरोधही झाला: मी, जॅझवाला, फंक वाजवणार? त्या विरोधाचीच त्याला लाज वाटली. म्वांडिशी मोडून त्याने ‘हेड हंटर्स’ उभा केला. जुन्यांपैकी फक्त सॅक्सोफोनवादक बेनी मॉपिनला ठेवलं. बाकी पॉल जॅक्सन, हार्वी मेसन, बिल समर्स हे फंकचे आणि तालाचे जाणकार. गिटार मुद्दाम घेतली नाही, तिचं काम त्याने क्लॅव्हिनेट या इलेक्ट्रिक कीबोर्डवर स्वतः केलं.

‘कमेलिअन’ हे ‘हेड हंटर्स’ याच नावाच्या 1973च्या रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं, पंधरा मिनिटांहून लांब. सुरुवातीला ऐकू येणारा बेस गिटारचा नाही, हर्बीने एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. काळी पाचचा सा, काफी थाट: कोमल गंधार, कोमल निषाद. कॉर्ड दोनच, बी-फ्लॅट मायनर आणि ई-फ्लॅट सेव्हन, पुन्हा पुन्हा. ऑर्केस्ट्रात तुम्ही हा बेस वाजवला असेल तर एक गोष्ट सांभाळा. स्वर सगळ्यांना येतात. चुकतं ते स्वर सोडायचं टायमिंग. पट्टीवरून बोट कधी उचललं, यावर ठेक्याची सगळी मजा आहे. मेट्रोनोम लावून फक्त बोट उचलण्याचा रियाज करा, आठवडाभर.

आणि सोलोत काय आहे? तेच. ‘मेडन व्हॉयेज’ची मांडणी. दोन कॉर्डच्या चौकटीत तो डाव्या हाताने गंधार नसलेले स्वर-पुंजके सरकवत राहतो, मधूनच अर्धा स्वर वर जाऊन बाहेरून आत येतो. खाली नाच चाललेला आणि वर समुद्र. ज्यांनी ‘विकला गेला’ म्हटलं, त्यांनी फक्त खालचा मजला ऐकला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याच रेकॉर्डवर ‘वॉटरमेलन मॅन’ पुन्हा आहे, आणि माझ्या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका. आधी 1962चा, मग लगेच 1973चा. पहिला दोन मिनिटं ऐकलात तरी गाडी, चाकं, हाक सगळं दिसतं. दुसरा सुरू होतो तो बाटलीत फुंकर मारल्यासारख्या आवाजाने. ती खरंच बाटली आहे, बिअरची. बिल समर्स तीत फुंकर मारतोय आणि मध्येच आपल्या तोंडाने स्वर काढतोय. मध्य आफ्रिकेतले बा-बेंझेले लोक हिंदेव्हू नावाची एकाच स्वराची शिटी अशी वाजवतात: एक स्वर शिटीचा, एक गळ्याचा, आलटून पालटून. त्या आवर्तनावर हळूहळू बेस येतो, ड्रम्स येतात, आणि बऱ्याच उशिराने ओळखीची सुरावट येते, पार संथ आणि जड होऊन. मोंगोमुळे ज्या धुनेने जगभर नाव दिलं, ती तशीच वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या. त्याने ती मोडली आणि वेगळी बांधली. शिकागोच्या गल्लीतला तो कलिंगडवाला या वेळी आफ्रिकेच्या रानातून येतो.

पुढचा काळ भराभर सांगतो, कारण नमुना आता तुमच्या लक्षात आला असेल. 1976 मध्ये माइल्सच्या जुन्या साथीदारांना घेऊन, माइल्सच्या जागी ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, असा निव्वळ जॅझचा बँड केला. 1978 मध्ये व्होकोडर या यंत्रातून स्वतः ‘गायला’, आणि त्याच वर्षी टोकियोत एकट्याने पियानोचा एक रेकॉर्ड केला. तो थेट तबकडीवर कोरला जात होता, म्हणजे कापाकापी नाही, चुकलं तर अख्खी बाजू पहिल्यापासून. यंत्राच्या आवाजात लपलेला आणि कशातच लपायला जागा नसलेला, असे दोन हर्बी एकाच वर्षातले.

1983चं ‘रॉकिट’. बिल लास्वेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी ठेक्याचा सांगाडा केला, ग्रँड मिक्सर डी.एस.टी. याने टर्नटेबलवर तबकड्या घासून त्यात जीव ओतला, हर्बीने वर सुरावट घातली. तबकडी घासणं हे वाद्य आहे, हे त्या गाण्याने असंख्य लोकांना पहिल्यांदा कळलं. 1984 मध्ये त्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचे पाच पुरस्कार मिळाले. व्हिडिओ बघितलात तर हर्बी त्यात जवळजवळ नाहीच, यंत्रमानव आहेत आणि तो एका टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. त्या वाहिनीवर तेव्हा कृष्णवर्णीय कलाकार क्वचित दिसायचे, हे लक्षात ठेवून ते तसं केलं होतं. त्याच सुमाराला सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या कार्यक्रमात तो फेअरलाइट नावाचा महागडा संगणक-सिंथेसायझर घेऊन गेला. एका चिमुरडीने आपलं नाव सांगितलं, त्याने तो आवाज पकडून पट्ट्यांवर वाजवला. तो तुकडा मिळाला तर बघा. हर्बीचा चेहरा त्या मुलांइतकाच उजळलेला आहे.

आणि 1986 मध्ये बेर्त्रां ताव्हेर्निए या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘राउंड मिडनाइट’ या सिनेमाला संगीत. यात संगीत नंतर भरलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर वाजतं तेच मुद्रित केलेलं आहे. मुख्य भूमिकेत सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन. हाच डेक्स्टर 1962 मध्ये हर्बीच्या पहिल्या रेकॉर्डवर, कलिंगडवाल्याच्या धुनेवर वाजवत होता. चोवीस वर्षांनी त्या म्हाताऱ्या सॅक्सोफोनच्या मागे हर्बी ज्या हळुवारपणे कॉर्ड ठेवतो, त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. ‘रॉकिट’ आणि हे यांच्यात तीन वर्षांचं अंतर आहे.

बाकी मानसन्मान पुष्कळ: चौदा ग्रॅमी, युनेस्कोचा सदिच्छादूत, 30 एप्रिलचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन त्याच्याच पुढाकारातला. 2007 मध्ये गायिका-गीतकार जोनी मिचेलच्या गाण्यांवर केलेल्या रेकॉर्डला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला, जो जॅझला त्याआधी 1965 मध्ये मिळाला होता. 2010च्या अल्बममध्ये आपल्या के. एस. चित्रा आणि अनुष्का शंकर त्याच्याबरोबर आहेत. मला स्वतःला जोनीच्या गाण्यांचा रेकॉर्ड फार प्रिय आहे. त्यात तो जवळजवळ काही वाजवत नाही. गायिकेच्या एका शब्दानंतर एक कॉर्ड, तीही अर्धी. मग शांतता. नाटकाला साथ करताना नटाच्या वाक्यानंतर किती थांबायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आता तुमच्याकडे येतो. शिकवणारे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. एक काहीतरी धरायला हवं, हे खरं. ते एक म्हणजे प्रकार असलाच पाहिजे असं नाही. आपल्याच मुंबईत गोव्याहून आलेली कितीतरी वादक मंडळी रात्री हॉटेलात नाचाचं संगीत वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांना. अल्दोन्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन स्वतःचा जॅझ बँड चालवत होता, आणि सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतही त्याचा हात होता. पोटासाठी करत होते हे खरं, पण त्यांचा सूर दोन्हीकडे तोच होता, म्हणून ती गाणी आजही ताजी वाटतात.

ऑर्केस्ट्रा सोडू का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. सोडू नका. चार दिवस वेगवेगळ्या गायकांच्या पट्टीत, न सांगता बदललेल्या लयीत वाजवायला मिळतंय, ही तालीम पैसे मोजून मिळत नाही. फक्त रोजच्या कार्यक्रमात एका गाण्यात, एकाच, डाव्या हातातला गंधार काढून बघा. गायकाचा स्वर त्या रिकाम्या जागेत कसा बसतो ते ऐका. गायकाने मागे वळून बघितलं तर समजा काहीतरी झालं. ते चांगलं की वाईट, हे कार्यक्रम संपल्यावर त्याला विचारा. बीट बनवताना जो आवाज आवडेल तो कसा तयार झाला, हे तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डोक्याने उघडून बघा, आणि जिथे अडेल तिथे त्यातल्या माणसाकडे जा, मग तो तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान का असेना. जॅझसाठी दिवसाला तास मिळत असेल तर पहिले तीन महिने ‘मेडन व्हॉयेज’ एवढंच घ्या, बाराही पट्ट्यांत. पांढरी दोन आणि पांढरी चार जमली की काळी तीनला हात पहिल्यांदा अडकेल. तिथे बोटं कशी बसवायची ते लिहून सांगणं अवघड आहे. डाव्या हाताचं रेकॉर्डिंग पाठवा, ऐकून सांगतो.